रेशन कार्डवाली पोट्टी

हेमराजने कॅसेटच्या तोंडात फुंकर मारली, ती व्हीसीआरमध्ये ढकलली, आवाजाचं बटण पार खाली आणलं आणि माइक ओढून ओठांशी धरला. पाचला दोन मिनिटं कमी होती. समोरच्या छोट्या टीव्हीवर बर्फ पडायला लागला.

"नमस्कार अल्लीपूर! काल आपली पोट्टी कुठवर आलती? कवडूच्या दारात. आता कवडू तिले रॉकेल देते, का आपल्या जातीवर जाते, पाहू."

पडद्यावर एका जाड्या शिपायाने दार उघडलं. गल्लीतून, मागच्या गल्लीतून, पार मारुतीच्या पारापासून एकदम हसू उसळलं. उघड्या खिडकीतून ते आत आलं आणि हेमराजच्या अंगावर चढलं. त्याला ते लागायचंच. एखाद्याला तंबाखू लागते तसं.

गावात हेमराजचा एक हात केबलच्या वायरीत आणि दुसरा कोणाच्या तरी टोपीवर, असं लोक म्हणायचे. चाळिशी उलटली, पोट सुटलं, पण खोडी सुटली नाही. नागपूरच्या कबाडीबाजारातून त्याने एक खोकं उचललं, त्यात अकरा कॅसेटा निघाल्या. जपानी कार्टून. कोणीतरी तिकडच्या टीव्हीवरून भरून घेतलेलं. अक्षर कळेना, बोलणं कळेना. दुसरा असता तर त्यावर लग्नांची शूटिंग भरली असती. हेमराजने आवाज बंद केला आणि आपणच बोलायला बसला. रोज पाच ते साडेपाच, गावच्या चॅनलवर. जाड्या शिपायाचं नाव कवडू ठेवलं, कारण खरा कवडू तेवढाच जाड होता आणि शुक्रवारी गिरडच्या टेकडीखाली नारळ-रेवड्यांचं दुकान लावायचा तेव्हा असाच ढांगा फाकवून बसायचा. अठ्ठ्याण्णवच्या त्या थंडीत पाच वाजले की अल्लीपूरच्या रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं.

कार्टूनमध्ये होती एक पोरगी. आठ-नऊ वर्षांची, अंगात मोठ्या माणसाचा कोट. बर्फातून गावोगाव चालायची, दार वाजवायची आणि कोटातून एक कागद काढून समोर धरायची. समोरचा मान हलवायचा. पोरगी कागद घडी करून आत ठेवायची आणि पुढच्या दाराला.

"घ्या!" हेमराज माइकवर ओरडायचा. "इथंबी रेशन कार्ड चालत नाई! साखर नाई, रॉकेल नाई, उद्या या!"

गाव गडाबडा लोळायचं. रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्या कोणालाही ते कार्ड ओळखू यायचं.

फक्त शकुंतलाबाई हसत नव्हती. तिची पिठाची चक्की बसस्टँडच्या वळणावर होती. पाच वाजता ती पट्टा उतरवायची, दळणाचे डबे तसेच ठेवून टीव्हीसमोर बसायची आणि साडेपाचला पुन्हा पट्टा चढवून जमलेल्या बायांना आपलं मत द्यायची. मागितलं नाही तरी.

हेमराज गव्हाचा डबा घेऊन गेला तेव्हा तिचं तेच चाललं होतं. भुवयांवर पीठ, हात डब्यात.

"बर्फात पाय कसा रुतते तिचा, पाह्यलं का?" दळणाला आलेल्या आनंदाबाईला ती सांगत होती. "आपल्या इकडच्या कार्टूनमंधी माणसाचा पाय भुईले लागतच नाई. हे जपानी लोक पायाले वजन देते. अन् पोट्टी जेवते तवा खरी जेवते. वाफ निंगते, ती फुंकते, मंग खाते."

"अन् कवडू?" आनंदाबाई पदर तोंडाला लावून हसली.

"तो कवडू हे भाऊजी करते. त्या बिचाऱ्या शिपायाचं काय तोंड असंन, काय मालूम." तिने हेमराजकडे पाहिलं. "या भाऊजी. तुमालेच सांगाचं होतं."

"सांगा वयनी. तुमचं नाव टाकू का कार्टूनमंधी? एक म्हातारी हाय पुढं, भलती भांडखोर."

"टाका. पण एक सांगा. ते लोक मंधामंधात गप्प बसते. कोणीच बोलत नाई, नुसतं झाडावरचा बर्फ पडते. ते त्याईनं मुद्दाम केलं हाय. गप्प बसलेला माणूस काढणं सोपं हाय का? अन् तुमी नेमके तिथंच बोलता. काऊन बोलता?"

"लोकाईले वाटन आवाज गेला, वयनी. फोन करतीन."

"करू द्या." तिने त्याचा डबा उचलून वजनकाट्यावर ठेवला, काटा स्थिर व्हायची वाट पाहिली. "अन् ते रेशन कार्ड नाई."

हेमराज खिशात काडेपेटी शोधू लागला.

"फोटू हाय तो," शकुंतलाबाई म्हणाली. "कोणाचा तरी. दाखवणाऱ्याचा हात ओळखू येते मले. कार्ड दाखवणारा माणूस कार्डाकडं पाह्यते. फोटू दाखवणारा समोरच्याच्या तोंडाकडं पाह्यते."

आनंदाबाई हसायची थांबली. शकुंतलाबाईची चक्की दर शुक्रवारी बंद असायची आणि ती एसटीत बसून गिरडला जायची, हे गावाला पाठ होतं. टेकडीवर दर्ग्याला चारी मुलखांतून लोक येतात. त्यांच्यापुढे ती प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक फोटो धरायची. रिंकूचा. तिचा एकुलता एक, दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला. सुरुवातीला गावातले लोकही तो फोटो हातात घेऊन पाहायचे. आता कोणी पाहत नव्हतं.

"शेवटी सापडते का तो?" तिने विचारलं. "तुमी तर पुढचं पाह्यलं असंन."

"नाई जी. मीबी रोजचं रोज पाह्यतो."

खोटं बोलताना हेमराजची जीभ कधी अडत नसे. आजही अडली नाही. काडेपेटी मात्र सापडली नाही. ती त्याच्या डाव्या हातातच होती.

त्याने सगळ्या कॅसेटा पहिल्याच आठवड्यात पाहिल्या होत्या. पहिल्या दारात पोरीने कागद काढला तेव्हा त्याने चित्र थांबवलं होतं. थांबलेलं चित्र थरथरत होतं, तरी दिसत होतं. कोळशाने काढलेला एका पोराचा चेहरा, कान जरा मोठे. हेमराज त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिला. मग बटण दाबलं, आणि तोंडातून पहिला शब्द निघाला तो रेशन कार्ड. तोंडाला सवय असते.

रिंकूचेही कान मोठे होते. बारावीच्या निकालाच्या दिवशी हेमराज कामासाठी हिंगणघाटला गेला होता, तिथे फळ्यावर त्याने यादी पाहिली. रिंकूचा नंबर नव्हता. हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी, दोनदा पाहिलं. घरी आला आणि चॅनलच्या खालच्या पट्टीवर लिहिलं: 'अभिनंदन! रिंकू बारावीत तालुक्यातून पहिला!' एवढंच. पोरगा येईल, शिव्या देईल, गाव हसेल, संध्याकाळी त्याला भजी खाऊ घालू. पण शकुंतलाबाईने पट्टी पाहिली आणि चक्की बंद करून पाच किलो पेढे आणले. रिंकू निकाल पाहून सायकलवर गावात शिरला तेव्हा वळणावर बाया ताट घेऊन उभ्या होत्या आणि आई त्याच्या कपाळाला कुंकू लावायला पुढे येत होती. त्याने एक पेढा खाल्ला म्हणतात. मग सायकल वळवली. सायकल हिंगणघाट स्टेशनबाहेर सापडली.

"कोणाचा तरी फोन आलता," हेमराजने सगळ्यांना सांगितलं. "मले काय मालूम खोटा असंन म्हणून." गावाने ते मानलं. रिंकूचा शोध घ्यायला सर्वांत पुढे हेमराजच होता.

अकरावी कॅसेट लावायची तो टाळत राहिला. एक दिवस लाइट नाही म्हणाला, एक दिवस व्हीसीआरचं हेड खराब म्हणाला. कवडू गल्लीतून ओरडला, "अबे हेमराज, पोट्टी म्हातारी होऊन जाईन!" मंगळवारी पाच वाजता त्याने ती लावली.

नदी गोठलेली होती. काठावर एकच झोपडं, बाहेर उलटी ठेवलेली नाव. पोरीने दार वाजवलं. नावाड्याने उघडलं. पोरीने कागद काढला.

"घ्या..." हेमराज म्हणाला, आणि गाव हसायला तयार झालं.

नावाड्याने मान हलवली नाही. तो कागदाकडे पाहत राहिला. मग हळूहळू खाली बसला, दोन्ही हात जमिनीवर टेकवले आणि कपाळ उंबऱ्याला लावलं. त्याचे ओठ हलत होते. पोरगी उभीच. झोपडीच्या छपरावरून बर्फाचा एक गोळा घसरून पडला.

हेमराजने हे चारदा पाहिलं होतं. एक गंमत त्याने ठरवूनही ठेवली होती, भूमिपूजनाची, आमदाराचं नाव घालून. त्याने माइक जवळ घेतला.

"याले मालूम होतं," तो म्हणाला.

एवढंच. मग माइक टेबलावर ठेवला. पडद्यावर पोरीने कागद घडी केला नाही. तो नावाड्याच्या हातांजवळ उंबऱ्यावर ठेवला आणि पाठ फिरवून चालू लागली. नावाडी बराच वेळ तसाच. शेवटी त्याने कागद उचलला, कोटात ठेवला आणि दुसऱ्या दिशेने निघाला.

फोन वाजायला लागला. हेमराजने उचलला नाही. खिडकीतून कवडूचा आवाज आला, "हेमराज! आवाज गेला बे!"

साडेपाच वाजून गेले तरी चक्की सुरू झाली नाही. मग शकुंतलाबाई दारात आली. खोलीत खुर्ची एकच होती, हेमराजने उठून तिला दिली. ती बसली नाही.

"चांगलं केलं," ती म्हणाली. "आज पयल्यांदा तुमी गप्प बसले."

"मजा नाई आली लोकाईले."

"हे मजेचं नव्हतंच. माह्यं मत इचारा तर सगळ्यात चांगला हाच भाग. पोट्टी रडत नाई, पाह्यलं? दुसऱ्याईनं तिले रडवली असती. गाणं टाकलं असतं. अन् त्या माणसाले मारलंबी नाई तिनं. नुसता कागद देल्ला."

"व्हय."

"मले एक समजलं नाई भाऊजी. जपानी तर तुमाले येत नाई. त्या नावाड्याले मालूम होतं, हे तुमाले कसं समजलं?"

कॅसेट व्हीसीआरमधून बाहेर आली होती. हेमराजने ती काढली, डब्बीत घातली, पुन्हा बाहेर काढली. फोन पुन्हा वाजू लागला आणि वाजून वाजून थांबला. त्याने तोंड उघडलं. दोन वर्षं तयार असलेलं वाक्य तिथेच होतं, कोणाचा तरी फोन आलता. पिठाने पांढरी झालेली ती बाई त्याच्या तोंडाकडे पाहत होती. ते वाक्य बाहेर आलं नाही. दुसरंही आलं नाही.

तिने तेवढी वाट पाहिली, वजनकाटा स्थिर व्हायची पाहायची तशी. मग कमरेची पिशवी सोडली, प्लास्टिकमधला फोटो काढला आणि त्याच्या हातातल्या कॅसेटवर ठेवला.

"माह्ये गुडघे गेले आता," ती म्हणाली. "गिरडची टेकडी चढनं होत नाई. शुक्रवारी तुमी जाजा."

ती गेल्यावर थोड्या वेळाने चक्कीचा पट्टा फिरू लागल्याचा आवाज आला.

शुक्रवारी टेकडीच्या पायऱ्यांवर गर्दी होती. हेमराज मधल्या टप्प्यावर उभा राहिला. येणाऱ्यांना वाट देत अर्धा तास गेला. अखेर धोतर नेसलेला एक म्हातारा दम खायला त्याच्याजवळ थांबला, तेव्हा हेमराजने खिशात हात घातला आणि फोटो काढून त्याच्यापुढे धरला. फोटोकडे न पाहता म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहिला.

खालून, नारळांच्या ढिगामागून कवडूची हाळी आली.

"अबे हेमराज! इथंबी रेशन कार्ड काढलं का बे? देऊन टाका बाबाजी त्याले दोन लिटर रॉकेल! आमच्या गावचा लय मोठा नकल्या हाय हा!"

पायरीवरची माणसं वळली, हसू लागली. म्हाताऱ्याच्याही चेहऱ्यावर हसू पसरलं. फोटो न पाहिलेला तसाच राहिला. हेमराज आता पुढे काय बोलतो म्हणून तो मान तिरपी करून वाट पाहू लागला.