काकवीचा चमचा

"आ कर," मर्डीना म्हणाली.

लॉकीने आ केला. माझा हा थोरला भाऊ, उभा जन्म समुद्रातून शेवंडांचे पिंजरे ओढण्यात गेलेला, अंगाने दरवाजाएवढा. पण सकाळी बायकोने चमचा उचलला की शाळेतल्या पोरासारखा तोंड उघडून उभा राहायचा. चमच्यात दाट काळी काकवी, तिच्यात गंजके खिळे मुरवलेला सफरचंदाचा व्हिनेगर आणि वरून लोहाची एक गोळी कुटून घातलेली. त्यावर पेलाभर संत्र्याचा रस, कारण त्याशिवाय लोह अंगी लागत नाही, असं मर्डीनाचं म्हणणं. आणि ते खरंच होतं. तिथेच तर सगळा घोळ झाला.

लॉकीने गिळलं, तोंड वाकडं केलं आणि रोजचं वाक्य टाकलं. "याने मेलो नाही, म्हणजे आता कशानेच मरत नाही मी."

"मरायला इतका उतावीळ असशील तर आधी गोठ्याचं छप्पर दुरुस्त कर," मर्डीना म्हणाली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी गाडीची किल्ली हातात घेऊन दारात उभी होते. "इशबेल, गुडघ्याच्या व्यायामाला नेतेयस खरी, पण येताना त्याला त्या दुकानातलं गोड काही चारू नकोस. बघ कसा रंग आलाय त्याला! भर हिवाळ्यात."

रंग आला होता खरा. आमच्या केप ब्रेटनमध्ये, कॅनडाच्या या पूर्वेकडच्या बेटावर, फेब्रुवारीत माणसं पिठाच्या पोत्यासारखी दिसतात. लॉकी मात्र तांब्याच्या भांड्यासारखा. सगळा गाव त्याला चिडवायचा, "काय लॉकी, फ्लोरिडाला चोरून जाऊन आलास की काय?" मर्डीना हे ऐकून फुलायची. तिला वाटायचं, हा तिच्या चमच्याचा गुण.

गाडी वळणापलीकडे गेली तशी मी तोंड सोडलं. "अजून किती दिवस हे नाटक? तिकडे नर्स तुझं रक्त काढून फेकते आणि इकडे तू रोज सकाळी लोखंड गिळतोस. एकीकडून होडीतलं पाणी उपसायचं आणि दुसरीकडे तळाला भोक पाडायचं. अक्कल गहाण टाकलीस का?"

"गाडी नीट चालव," लॉकी म्हणाला.

गुडघ्याचा व्यायाम ही थाप होती. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला शरद ऋतूतच सांगितलं होतं, त्याच्या रक्तात लोह कमी नाही, जास्त आहे. नको तितकं जास्त. काही घराण्यांत, आमच्यासारख्या जुन्या स्कॉटिश आणि आयरिश घराण्यांत विशेष, शरीराला लोह टाकून देता येत नाही. खाल्लेलं सगळं साठत जातं, यकृतात, हृदयात, सांध्यांत, कातडीत. ते कमी करायचं तर रक्तच काढत राहावं लागतं. ज्या तांबूस रंगाचं कौतुक चाललेलं, तो आजारच होता. आणि गंमत बघा, या आजाराची पहिली खूण म्हणजे थकवा. माणूस थकला की आमच्याकडे काय देतात? लोह देतात.

"चमच्यामुळे झालं का हो हे?" मी तेव्हा बाईंना विचारलं होतं.

"आजार जन्माचा आहे," त्या म्हणाल्या. "पण इतकी वर्षं गोळ्या दिल्यात म्हणता, तर आगीत तेल पडलं, एवढं खरं. किती, ते आता कुणीच सांगू शकणार नाही." मग त्यांनी मलाही तपासणीसाठी रक्त द्यायला लावलं. माझ्यात काही निघालं नाही, मी सुटले. मुलालाही तपासून घ्या, असं त्यांनी लॉकीला बजावलं. तो मान डोलावून म्हणाला, फिनली तिकडे अल्बर्टाला तेलाच्या विहिरींवर असतो, उन्हाळ्यात घरी आला की बघू. परतीच्या वाटेवर त्याने माझ्याकडून वचन घेतलं, की मर्डीनाला यातलं काही कळता कामा नये.

माझं आणि मर्डीनाचं कधी फारसं पटलं नाही, हे मी लपवत नाही. ती सहकारी दुकानात जीवनसत्त्वांच्या फळीपाशी बसायची आणि राणीच्या थाटात बसायची. आमच्याकडे डॉक्टर मिळायचा तर नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघावी लागते, म्हणून सगळा गाव आधी तिच्याकडे. खोकला झाला, छातीला हंसाची चरबी चोळ. पोट बिघडलं, आल्याचा चहा घे. झोप नाही, गरम दूध आणि जायफळ. मी नाक मुरडायची, पण छाती भरली की त्याच चरबीची बाटली मागायला मागच्या दाराने जायची. आणि कुणालाही, अगदी कुणालाही, ती एक प्रश्न विचारायचीच. "रक्त कमी नाही ना झालंय तुझं?"

तो प्रश्न कुठून आला ते मला ठाऊक होतं. तिची आई बाळंतपणात गेली. मर्डीना तेव्हा लहान होती, उशाशी बसलेली. आई कागदासारखी पांढरी होत गेली, असं ती एकदाच मला म्हणाली होती. पुढे लग्न झालं, आणि एका वसंतात लॉकी बोटीवरून उतरताना थकून पायरीवर बसला. त्या दिवशी चमचा सुरू झाला. गुरुवारी कांद्यातली कलेजी सुरू झाली, लोखंडी तवा सुरू झाला. त्या बाईने प्रेम असं तोंडाने कधी उच्चारलं नसेल, सगळं चमच्याने भरवलं.

जुलैत फिनली आला. चाळिशीचा, बापासारखाच दरवाजाएवढा. मर्डीनाने मटार, बटाटे आणि खारवलेलं मांस शिजवलं होतं, सोबत ओटची पोळी. मीही जेवायला होते. फिनलीने मुरंब्याची बरणी उघडायला घेतली आणि ओठ चावून खाली ठेवली.

"काय रे, तेलाच्या विहिरींनी एवढा नाजूक केला तुला?" मी म्हटलं.

"हसू नकोस गं आत्या. या दोन बोटांच्या मुळाशी कळ येते, बरेच महिने झाले. आणि थकवा म्हणशील तर विचारू नकोस. कामाची पाळी संपली की बुटांसकट झोपतो."

लॉकीने काटा खाली ठेवला. त्याच्याही त्याच दोन बोटांत कळ यायची. तो मुलाच्या हाताकडे पाहत राहिला, मग मुलाच्या चेहऱ्याकडे. फिनलीचा रंग छान झाला होता. तांबूस.

मर्डीना मात्र उजळली. आईला मुलाचं दुखणं ओळखता आलं, याहून मोठं सुख कोणतं! "रक्त कमी झालंय तुझं. बापाचंच अंग आहे. थांब, उद्यापर्यंत कशाला थांबायचं," असं म्हणत ती उठली, काकवीची बरणी काढली, चमचा भरला. "आ कर."

फिनली हसत तोंड उघडणार, तोच लॉकीने तिचं मनगट धरलं.

"त्याला नको, मर्डीना."

"का नको? तुला नाही दिला इतकी वर्षं?"

"म्हणूनच नको."

काकवीची धार चमच्यावरून टेबलाच्या कापडावर उतरत राहिली. लॉकीने तिला सगळं सांगितलं. वाईट सांगितलं, अडखळत, माझ्याकडे बघत, अधूनमधून खोकत. तिला दोष लागू नये म्हणून त्याने आजोबांपासूनची वंशावळ काढली, आपल्या आईबापांना नावं ठेवली. पण मर्डीना काही खुळी नव्हती. लोह कशाने अंगी लागतं हे तिच्याइतकं गावात कुणाला ठाऊक होतं?

ती माझ्याकडे वळली. "तुला माहीत होतं?"

"हो."

"गुडघा?"

"रक्त काढतात त्याचं. गुडघा बरा आहे."

मग तिने नवऱ्याला विचारलं, अगदी हळू. "आणि तरी रोज आ करत होतास. का रे?"

लॉकी खाली बघत होता. "तुझा हात पुढे यायचा," तो म्हणाला. "मला मान फिरवता नाही आली."

ती रडेल असं मला वाटलं. रडली असती तर बरं झालं असतं. तिने चमचा धुतला, कोरडा केला आणि खणात ठेवला. टेबलावरचं कापड काढून भिजत घातलं. मग मुलाला म्हणाली, "जेव, गार होतंय," आणि लगेच थबकून माझ्याकडे पाहत विचारलं, "मांस चालतं का गं त्याला?" स्वतःच्या स्वयंपाकघरात तिने कुणाला असं विचारलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. माझा तिच्यावरचा सगळा जुना राग तिथेच विरला, आणि त्या जागी काय ठेवावं ते मला सुचेना.

फिनलीचं दुखणं वेळेवर सापडलं. तो अधूनमधून रक्त देतो आणि ठणठणीत आहे. मर्डीना दुकानात जात राहिली, पण कुणी काही विचारलं की म्हणायची, "डॉक्टरांना विचार." आमच्या गावात हे म्हणजे समुद्राला विचार म्हणण्यासारखं. लोकांना वाटलं, बाई चढेल झाली. मी कुणाला काही सांगितलं नाही.

लॉकीच्या यकृताला मात्र उशीर झाला होता. पुढच्या वसंतात त्याला इस्पितळात ठेवलं. मर्डीना रोज माझ्या गाडीतून यायची आणि हात मांडीवर ठेवून बसायची. आजाऱ्याकडे ती जन्मात रिकाम्या हाताने गेली नव्हती. मी म्हटलंसुद्धा, थोडं सूप तरी आण. ती म्हणाली, "नको. माझ्या हातचं नको."

एका सकाळी लॉकीचे ओठ सुकले होते. नर्स कामात होती. मर्डीना बराच वेळ त्या ओठांकडे पाहत राहिली. मग तिने पर्समधून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. तोच चमचा होता. कधीपासून ती तो बरोबर आणत होती, देव जाणे. तिने नळ सोडून पाणी कोमट होऊ दिलं, चमचा भरला आणि आधी मला दाखवला.

"नुसतं पाणी आहे," ती म्हणाली.

"दिसतंय मला," मी म्हटलं. "दे त्याला."

"आ कर," ती म्हणाली.

लॉकीने डोळे उघडले, चमचा पाहिला आणि आ केला. पाणी गिळलं. आणि मग, सवयीने म्हणा किंवा तिच्यासाठी म्हणा, त्याने नेहमीसारखंच तोंड वाकडं केलं.