तियामिकेच्या नावाने

"तियामिकेलाच करू दे रे, लामेक. तू शुक्रवारी नोकरीतून मोकळा होणार," न्यासुलू साहेब फोनवर हसले. "आता नवे हात हवेत."

"हो साहेब."

लामेकने फोन आपटलाच. एकोणीस वर्षं दवाखान्यांच्या रुग्णनोंदी त्याने सांभाळल्या होत्या. सर्व्हर लिलाँग्वेत, लामेक इथे झोम्बात. याने हुकूम टाइप करायचा, तीनशे किलोमीटरवरच्या यंत्राने ऐकायचं. आणि आज, सगळ्या नोंदी नव्या यंत्रावर न्यायच्या दिवशी, मान मिळाला त्याच्याच हाताखाली शिकलेल्या पोरीला!

मुख्य पासवर्ड शुक्रवारपर्यंत त्याच्याकडे होता. तो वापरून लामेक तियामिकेच्या नावात शिरला आणि तिच्या चालू सत्राला जोडला गेला. आता लिलाँग्वेत ती टाइप करेल ते अक्षर न् अक्षर त्याच्या पडद्यावर उमटणार होतं, आणि त्याने टाइप केलेलं तिच्या.

"बघू बाईसाहेबांचा थाट," तो पुटपुटला.

थाट होताच. एक हुकूम चुकेना. लामेकचा नुसता जळफळाट झाला.

मग शेवटचा, लांबलचक हुकूम उमटला आणि लामेक ताठ बसला. नोंदींचा मालक सर्व्हरवर 'चिपाताला', म्हणजे दवाखाना, या नावाचा होता. आधी आपलं नाव सोडून ते नाव घ्यायचं, मगच नोंदींना हात लावायचा. पोरगी विसरली होती. तिने एंटर दाबलं की सगळ्या नोंदी तिच्या एकटीच्या नावावर जाणार. उद्या एकाही नर्सला एकही नोंद उघडता येणार नाही.

लामेकने हात मांडीखाली घेतले. फक्त गप्प बसायचं होतं. उद्या साहेब धावत येतील, "लामेक, वाचव बाबा!" त्याला ते आत्ताच ऐकू आलं, गोड वाटलं.

मग डोळ्यांपुढे दवाखान्याच्या खिडकीपुढची उद्याची रांग आली. पाठीशी पोर बांधलेल्या बाया, आणि "तुझं नाव सापडत नाही गं" म्हणणारी नर्स.

त्याने घाईने तिची ओळ पुसली आणि यंत्राला विचारलं: मी कोण?

यंत्राने उत्तर दिलं: तियामिके.

तिकडे सगळं थबकलं. मग यंत्राने हुकूम समजू नये म्हणून आधी # टाकून तियामिकेची अक्षरं आली: "बाम्बो, तुम्ही?" शिकत होती तेव्हापासून ती त्याला बाम्बो, म्हणजे बाबा, म्हणायची.

"यंत्र काय म्हणालं ते वाच."

"अगं बाई! चिपाताला व्हायचं राहिलं!" आणि लगेच पुढची ओळ, "कधीपासून बघताय?"

"पहिल्यापासून."

"आणि आत्ता बोलताय?"

"चल, नाव बदल," त्याने लिहिलं.

तिने बदललं. अर्ध्या तासात काम झालं. अहवालात खाली उमटलं: काम करणार, तियामिके.

फोन वाजला. "बघितलंस? एक चूक नाही पोरीची!"

"नाही साहेब," लामेक म्हणाला. "एकही नाही."

मग तो तिच्या सत्रातून निघाला, तिच्या नावातून निघाला, मुख्य पासवर्डाच्या नावातूनही निघाला. पडद्यावर नुसतं 'लामेक' उरलं. त्याच्यापुढे हुकमाची वाट बघत ती छोटी रेघ लुकलुकत होती.