परतीच्या वाटेवरची गावं

फुली होती की माशीने टाकलेला ठिपका... नेस्टाने रेल्वेच्या वेळापत्रकावर भिंग जवळ नेलं, लांब केलं, पुन्हा जवळ आणलं. अकरा त्रेचाळीसच्या डोक्यावर ते बारीकसं काहीतरी बसलेलंच होतं — म्हणजे फुलीच, म्हणजे ही गाडी रविवारी नाही, म्हणजे लिव्हरपूलचा रविवार हातचा गेला. आणि लिव्हरपूलला तर रविवारीच असायला हवं होतं. वडील प्रवचन देत त्या प्रार्थनाघरात, चॅपेलात, सोमवारी जाऊन काय करायचं? मग शनिवारी संध्याकाळीच पोचावं, म्हणजे तिथला एक मुक्काम वाढला, म्हणजे कार्लाइलचा एक कमी करावा... तिने खोडरबर घेतलं. वहीचं ते पान आता इतक्यांदा खोडलं गेलं होतं की कागद लोकरीसारखा मऊ लागायला लागला होता.

युक्ती तिची नव्हती. तिच्या गावच्या, अॅबरिस्टविथ स्टेशनच्या तिकीट खिडकीवरचा हेवीन सहज बोलून गेला होता, की लांबचं परतीचं तिकीट काढलं तर जाणं एका दिवसात उरकावं लागतं, पण परतायला महिना मिळतो, आणि येताना वाटेत हवं तिथे उतरावं, राहावं, पुढची गाडी धरावी. वर म्हाताऱ्या माणसांच्या कार्डावर तिसरा हिस्सा सूट. लिव्हरपूल त्या वाटेवर नाही, तर प्रेस्टनहून तेवढं छोटं तिकीट वेगळं काढायचं. सहज बोलून गेला तो... आणि नेस्टाच्या डोक्यात एका तिकिटात सगळी गावं दिव्यांसारखी एकेक करून लागत गेली — कार्लाइल, प्रेस्टन, लिव्हरपूल, क्रू, श्रूजबरी — तिचे वडील जिथे जिथे प्रवचनाला जात ती गावं, आणि शेवटी हे, समुद्रापाशी रूळ संपतात ते.

जायचं होतं पार उत्तरेला, इन्व्हरनेसला, गेथिनकडे. गेल्या हिवाळ्यात ती जिन्यावरून पडली, आणि एकुलता एक मुलगा म्हणाला, आई, आता इथेच ये, कायमची. ती हो म्हणाली होती. भाड्याच्या घराची किल्ली तीस सप्टेंबरला द्यायची ठरली होती, अर्धी खोकी बांधून झाली होती. परतीच्या तिकिटाबद्दल मात्र गेथिनला तिने अक्षर सांगितलं नव्हतं.

"संपलं नाही का गं अजून तुझं पंचांग?" शेजारची ओल्वेन मनुकांच्या पावाची बशी घेऊन मागच्या दाराने आत आली.

"रविवार बसत नाहीये."

"तुझ्या वडलांचं ठीक होतं, बाई. त्यांना घ्यायला चॅपेलचे चार टोपीवाले स्टेशनवर उभे असायचे. तुला कोण येणार? विकली ती चॅपेलं. लिव्हरपूलच्या एकात तर म्हणे गालिचे विकतात."

"विकू देत. भिंती असतील ना?"

"भिंतींना काय विचारणार आहेस, आज कोणतं वचन घेतलंय?" ओल्वेन स्वतःच हसली, मग खुर्चीत बसून तिने वही आपल्याकडे फिरवली. "आणि हे एकोणतीस ऑक्टोबर. इथे उतरलीस. मग? जाशील कुठे? तुझ्या दाराला दुसऱ्याचं कुलूप असेल तेव्हा."

"तुझ्याकडे चहा मिळेलच की."

"चहा मिळेल," ओल्वेन म्हणाली. "त्यानंतर?"

त्यानंतरचं वहीत नव्हतं.

ओल्वेन गेल्यावर नेस्टा बशीकडे बघत राहिली. हिला कसं सांगायचं, भिंतींनाच विचारायचं आहे म्हणून... नऊ वर्षांची ती, त्या चॅपेलात पहिल्या बाकावर, जिभेखाली पेपरमिंट, पाय जमिनीला न टेकणारे, आणि वर लाकडी व्यासपीठात वडील. सुरुवात नेहमी घरातल्यासारखी, जुन्या धर्मकथेतून — याकोब म्हातारा झाला होता, गुडघे दुखत होते, आणि पोरं येऊन सांगतात की तू मेला समजलेला तुझा मुलगा योसेफ जिवंत आहे, परक्या देशात आहे. म्हातारा म्हणतो, उगीच काहीतरी सांगू नका. लोक हसत. मग वडील थांबत. आणि त्या थांबण्यात सगळं चॅपेल श्वास धरून बसे, कारण पुढचं त्यांच्याही हातात नसे; कधी येई, कधी नाही. आलं की मग शब्द जमीन सोडत — न्यायला योसेफाने पाठवलेल्या गाड्या म्हाताऱ्याला दारात दिसतात तिथे — बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे लागलं ते कुणाला कळायचं नाही, म्हाताऱ्या बायका डोळे मिटून डोलत, आणि तिला वाटे, देव राहतो तो इथेच, या सांध्यात. त्यानंतर किती प्रवचनं ऐकली! चांगली होती, अभ्यासाची होती. पण सगळी जमिनीवरून चालणारी. मी एकदा, फक्त एकदा तिथे जाऊन बसेन, गालिच्यांत तर गालिच्यांत...

फोन वाजला. गेथिन.

"आई, पहिल्या तारखेला किती वाजता पोचतेस? सुट्टी टाकायची आहे मला."

"थांब हं, लिहिलंय." तिने पानं उलटली. "कार्लाइल, चार वाजून दहा—"

"कार्लाइल? मी इथलं विचारतोय. इन्व्हरनेसचं."

तिने वहीचं पहिलं पान काढलं. सर्वांत वर, ठळक, दोनदा अधोरेखित केलेलं : इन्व्हरनेस, सकाळी सात पंचावन्न, सुटते. त्याच्या वर काही नव्हतं. तिने पान उलटून मागे पाहिलं, पुठ्ठ्याच्या आतही पाहिलं. एवढ्या दिवसांत, एवढ्या फुल्या आणि तळटिपा शोधताना, तिथे जाणारी गाडी तिने एकदाही पाहिली नव्हती.

"ते... ते बघायचं राहिलंय रे."

"महिनाभर वेळापत्रकच बघत होतीस ना?"

"हो."

कार्लाइल कशाला म्हणून विचारेल, आता विचारेल... पण त्याने विचारलं नाही. म्हणाला, "बरं. जिन्याला कठडा लावलाय, दोन्ही बाजूंनी. उंची अंदाजाने घेतली. माझ्या खांद्याला लागतेस ना अजून?"

"थोडी खाली आले असेन आता."

"मग उतरवतो खाली. स्क्रूच आहेत, त्याला काय!" आणि उगाच मोठ्याने हसला.

दुपारी ती स्टेशनवर गेली. तिकीट खिडकीत हेवीन एकटाच.

"या नेस्टाबाई! आज कुठला मुक्काम हलवलात?"

"पहिल्या तारखेला इथून सुटायचं. इन्व्हरनेस. किती वाजता पोचते?"

त्याने बघून सांगितलं — पहाटे साडेपाचची गाडी धरली तर श्रूजबरी, क्रू, आणखी एक बदल, संध्याकाळी सहा बावीस. ती मनात म्हणाली, सहा बावीस. आणि काही कारण नसताना तिला दिसलं, की सहा वाजल्यापासून एक पन्नाशीचा माणूस तिथल्या फलाटावर मागे-पुढे करतोय, कुठला डबा कुठे थांबेल ते कुणाला तरी विचारतोय, गाडी आल्यावर आधी चुकीच्या दाराकडे धावतोय... हे तिला कधी दिसलं नव्हतं. श्रूजबरीचा पूल दिसला होता, लिव्हरपूलच्या चॅपेलची पायरी न् पायरी दिसली होती, हा माणूस मात्र नाही.

"परतीचंच ना?" हेवीनने विचारलं. "एकेरीपेक्षा एक पौंडच जास्त. सगळे परतीचंच नेतात, मग येवोत न येवोत."

तिने तोंड उघडलं. ती जुनीच ओढ वर आली, इतक्या वर्षांची सवयीची. पण होकायंत्रातली सुई हलावी तशी ती थरथरत होती, आणि थांबत नव्हती. कुठल्या गावाची आहे ही ओढ? तिला सांगता येईना.

"सावकाश," हेवीन म्हणाला. "मागे कुणी नाही."