शेजारच्या सीटचा ब्रेक

सहा महिन्यांत तिसऱ्यांदा ब्रेक पॅड संपले, तेव्हा मी मेकॅनिकवर उखडलो. बावीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवतोय. माझ्या सीटच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. शिकणारा गडबडला की तो मी दाबायचा. त्या एका ब्रेकच्या भरवशावर लोक आपली पोरंबाळं माझ्या शेजारी बसवतात, आणि हा पठ्ठ्या म्हणे, पॅडमध्ये काही खोट नाही.

"मग खातं कोण ते?" मी विचारलं.

त्याने फडक्याला हात पुसले. "मी मागे बसतो. तुम्ही रोजच्यासारखं शिकवा."

त्या वेळी एका ग्रंथपाल बाईंचा तास होता. दोन चौक झाले, एक वळण झालं, आणि मेकॅनिक मागून पुढे वाकला. "साहेब, गाडी ठणठणीत आहे. तुमचा पाय ब्रेकवर आहे."

मी खाली पाहिलं. होता की. मला तर तो मॅटवर आहे असं वाटत होतं. तीन आठवडे मी ग्रंथपाल बाईंना अ‍ॅक्सिलरेटर देता येत नाही म्हणून फैलावर घेत होतो, ते आम्हा दोघांनाही आठवलं. मी त्यांची माफी मागितली.

खरं सांगतो, मला आधी भीती नाही वाटली, कुतूहल वाटलं. आपलाच पाय आपल्याला न विचारता परस्पर उद्योग करतो म्हणजे काय? घरी गेल्यावर डोळे मिटून पलंगावर पडलो आणि बायकोला कामाला लावलं. ती पायाचा अंगठा वर किंवा खाली करायची आणि मी कुठे ते ओळखायचं. मी छातीठोकपणे उत्तरं देत होतो, आणि ती दर वेळी "पुन्हा सांगा" म्हणत होती. शेवटी म्हणाली, "अहो, उद्या डॉक्टरकडे जाऊ."

डॉक्टरीण बाई तरुण होत्या आणि माझ्याइतक्याच चौकस. पोटावरचे जुने व्रण पाहून त्यांनी खुर्ची पुढे ओढली. नऊ वर्षांपूर्वी माझं वजन एकशे अडतीस किलो होतं. तेव्हा ऑपरेशन करून पोट मुठीहून लहान केलं आणि आतड्याची वाट वळवली. पन्नास किलो उतरले. सीटबेल्ट पहिल्यांदा खटकन लागला, त्या दिवशी मी तो उगीच चार वेळा लावून पाहिला होता.

"अशा ऑपरेशननंतर व्हिटॅमिन जन्मभर घ्यावी लागतात, ती बुडवली असणार," त्या म्हणाल्या.

"एक दिवस नाही," बायको म्हणाली, आणि ते खरं होतं. नसांना लागणारं बी-ट्वेल्व्ह तपासलं तर उत्तम निघालं. डॉक्टरीण बाई जराशा हिरमुसल्या. मीही हिरमुसलो, कारण आता मला हे कोडं सुटायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "तोंडात जे जे जातं ते सगळं घेऊन या."

पिशवीभर डबे टेबलावर मांडले. त्यातला एक त्यांनी उचलून धरला. "जस्ताच्या गोळ्या? या कुणी लिहून दिल्या?"

"कुणी नाही, मीच आणल्या," बायको म्हणाली. "ऑपरेशननंतर यांचे केस मूठमूठ गळत होते. शेजारणीने सांगितलं, यानं थांबतात. थांबले की."

"किती दिवस दिल्यात?"

"अजून देते. रोज दोन."

डॉक्टरीण बाईंनी माझ्या दाट केसांकडे पाहिलं, मग पायांकडे. अंगात जस्त फार झालं की ते तांब्याला आत येऊ देत नाही, त्या म्हणाल्या. त्यात तांबं जिथून शोषलं जातं तो आतड्याचा भाग माझा वळणाने बाजूला पडलेला. आणि तांबं नसेल तर पाय कुठे आहे ते कळवणाऱ्या मणक्यातल्या नसा मुकाट्याने खराब होत जातात. रक्त तपासलं, तर तांबं जवळजवळ नव्हतंच. चोर सापडला म्हणून मला केवढा आनंद झाला! बायको मात्र मांडीवरच्या रिकाम्या पिशवीची घडी घालत बसली होती.

"बिघाड आता इथेच थांबेल," डॉक्टरीण बाई म्हणाल्या. "गेलेलं किती परत येईल, सांगता येत नाही. तोवर त्या सीटवर बसायचं नाही."

चार महिने तांब्याची औषधं घेतली. चालताना तोल जायचा, तो कमी झाला. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाने माझी जागा महिनाअखेरपर्यंत राखली होती, म्हणून एका रविवारी आम्ही दोघं स्कूलच्या आवारात गेलो. बंद गाडीत बायको चालकाच्या जागी बसली, मी माझ्या. मी डोळे मिटायचे, ती "ब्रेक" म्हणाली की पाय मॅटवरून उचलून ब्रेक दाबायचा, आणि ती पाहून सांगणार.

"ब्रेक."

दाबला.

"बरोबर."

असं सात वेळा झालं. माझी छाती फुगत चालली होती. आठव्यांदा मी दाबला आणि मला राहवलं नाही, डोळे उघडले. पाय ब्रेकच्या शेजारी मॅट दाबत होता, अगदी जोर लावून. बायको त्याच्याकडेच बघत होती.

"बरोबर," ती म्हणाली.

मी डोळे पुन्हा मिटले आणि उरलेले दोन पुरे केले.

"दहापैकी दहा," ती म्हणाली.

मी मालकाला फोन लावला आणि माझी जागा दुसऱ्याला द्यायला सांगितली. तो काहीबाही समजावत होता, तेवढ्यात बायकोने माझा दंड धरला. "अहो, एकच तर चुकला."

"मी पाहिला तेवढा एक," मी म्हणालो. "बाकीचे तुलाच माहीत."

ती स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागली. मला तिचा राग आला नाही. मलाही रडू येत होतं, पण ते त्या सीटसाठी होतं, आणि मी तिला तसं सांगितलं. मग पाय कुठे पडतोय ते नीट बघत बघत मी गाडीतून उतरलो.