शहनाजची हरळी

हरळी लाडाने लावायची चीज नव्हे. एवढं हबीब बागवानाला कळत नव्हतं असं कोण म्हणेल? त्याची हयात भाजीच्या वाफ्यांत गेलेली. नाशकात गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठी कारभारी पाटलांचा तुकडा तो वाट्याने करायचा, आणि त्याची मेथी मंडईत पोचायच्या आधी वाटेतच खपायची. तरी हरळी त्यानेच लावली. स्वतःच्या हाताने लावली आणि पाणी घालून जगवली.

त्याचं झालं असं. चौतीस सालच्या उन्हाळ्यात त्याची एकुलती एक लेक शहनाज तापाने गेली. कबरस्तान वाफ्यांना लागूनच. मधे नुसतं निवडुंगाचं कुंपण. कबरीवरचं हिरवं गवत अल्लाची तस्बीह पढतं, त्याचं नाव जपतं, आतल्या जिवाला थंडावा मिळतो, असं त्याची बायको मासूमा लहानपणापासून ऐकत आलेली. "अजी, एवढे बागवान तुम्ही," ती म्हणाली, "पोरीवर काहीतरी हिरवं लावा की."

हबीबने सब्जा लावला, तो करपला. गुलाब लावला, तो शेळ्यांनी फस्त केला. मग त्याने विचार केला, मरणार नाही असं काय आहे? जन्मभर आपल्याला जे मारता आलं नाही, तेच. रस्त्याच्या कडेची हरळी त्याने मुळांसकट आणली.

लग्नात म्हातारीकोतारी आशीर्वाद देतात, हरळीसारखा वंश वाढू दे म्हणून. हबीबचा वंश त्या मातीत निजला आणि हरळी तेवढी वाढली. पुढच्या पावसाळ्यात ती कुंपणाखालून वाफ्यात शिरली.

त्याने खुरप्याने काढली, ती दुपटीने आली. कुदळीने खणली, तर तुटलेला प्रत्येक तुकडा नवा संसार मांडून बसला. वाफे कोरडे टाकले, मुळ्या वेचून उन्हात वाळवल्या, जाळल्या. कुंपणालगत गुडघाभर चर मारला. ती चराच्याही खालून आली. वांगी पिवळी पडली, मेथी दिसेनाशी झाली.

कारभारी पाटील बांधावर येऊन उभे राहिले. "हबीबभाई, तू मरमर करतो ते दिसतं मला. पण पलीकडं माझी द्राक्षं हायेत. ही अवदसा तिथं शिरली तर मी काय करू? मिरगाच्या आत साफ नाय झालं तर तुकडा पुंजाला वाट्यानं देतो. राग धरू नको." राग कसला धरणार? माणूस खरंच बोलत होता.

"मूळ कुठून येतं ते हुडकलं का?" पाटलांनी विचारलं.

"हुडकतोय," हबीब म्हणाला. त्याची मान वर झाली नाही.

मासूमा भावाकडे नांदगावला गेली, त्या दुपारी तो कुदळ घेऊन कबरीपाशी गेला. हरळीच्या जटा मुठीत धरून ओढू लागला. शहनाजच्या केसांचा गुंता सोडवताना केस असेच मुठीत यायचे आणि पोरगी ओरडायची. हबीबला रडू फुटलं, तरी त्याने हात थांबवला नाही. मुळं खाली खाली जात होती. हातभर खणल्यावर कुदळ आपोआप थांबली. त्याखाली त्याची लेक होती.

मासूमा परतली. उघडी माती तिने पाहिली. भांडली असती तर बरं झालं असतं. रोजच्यासारखा लोटा भरून आणायची आणि त्या मातीवर ओतायची. नको घालू पाणी, हे हबीबच्या ओठांवर कितीदा आलं, पण आईला ते सांगायचं कोणत्या तोंडाने?

मिरग तोंडावर आला तेव्हा एका सकाळी तिने हाक मारली. "अजी, या ना इकडे. बघा तरी."

कबरीवर सुईएवढं हिरवं टोक वर आलं होतं. हबीब त्याच्यापाशी उकिडवा बसला. त्याला आनंद झाला, इतका की त्याची त्यालाच लाज वाटली. मग त्याने उठून कुंपणापलीकडे पाहिलं. वाफेही हिरवे झाले होते.

त्याने तुकडा सोडला. पुंजा चांगला माणूस, कष्टाळू. पहिल्याच दिवशी तो नवी कोरी कुदळ खांद्यावर टाकून आला आणि हबीबला म्हणाला, "तुमी जाणतं मानूस. ही येती तरी कुठून? मुळापर्यंत खनून काढतो हिला."

हबीबने कुंपणाकडे पाहिलं नाही.

"नको रे पुंजा," तो म्हणाला. "वरवर खुरपत जा. लय खोल जाऊ नको."