बोटीने आलेलं भूत

मारुतीच्या देवळापुढे सकाळी आठलाच दोनशे माणसं जमली होती. मधे चौरंगावर गुंडोस्वामी बसलेले. त्यांनी समोरच्या बाईच्या अंगातला निळा स्वेटर ओढून काढला आणि तडतड आवाज झाला. बाईचे केस ताठ उभे राहिले. गर्दी दोन पावलं मागे सरकली.

"ऐकलंत?" स्वामी गरजले. "मेलेल्या गोऱ्याचा आत्मा! सात समुद्र ओलांडून बोटीने आलाय, म्हणून चिडलाय!"

मग त्यांनी तांब्यातलं हळदीचं पाणी स्वेटरवर शिंपडलं, ओठ हलवले आणि स्वेटर पुन्हा घालून काढायला लावला. आवाज बंद!

"बघा, भूत पाण्याला भितं!"

सात समुद्र ओलांडून आलेलं भूत तांब्याभर पाण्याला का भ्यावं, हे कुणी विचारलं नाही. स्वेटर वाळला की ते परत यायचं. तीनदा परत आलं, तर स्वेटर स्वामींच्या पेटीत कायमचा कोंडायचा.

मला सगळं कळत होतं. चिकपेटेत आमचं तीन पिढ्यांचं कापडदुकान. ॲक्रिलिकचा स्वेटर जानेवारीच्या कोरड्या हवेत अंगावर घासला की तडतडतो आणि ओला केला की गप्प बसतो, हे मला पाठ होतं. तरी मी तोंड उघडलं नाही. कारण सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी जळत होतो.

दर संक्रांतीला मी दुकानाच्या पायरीवर खण आणि तीळगूळ वाटायचो. मागच्या वस्तीची रांग कोपऱ्यापर्यंत जायची. बायका पाया पडायच्या, "दत्ताण्णा देवमाणूस" म्हणायच्या. त्र्याण्णव साली वस्तीत मिशनच्या सिस्टर बेनेडिक्टा आल्या. तांदूळ, डाळ, दुधाची पावडर आणि परदेशातून आलेले गरम कपडे घेऊन. कुणी पाया पडायला वाकलं की ही बाई त्यालाच खुर्ची द्यायची! पुढच्या संक्रांतीला माझ्या पायरीवर मोजून सात बायका आल्या. मला अन्न गोड लागेना.

म्हणून स्वामींना भूत सापडलं तेव्हा मी इतका खूश झालो, की "अस्सल रेशीम" म्हणत त्यांच्या खांद्यावर शाल घातली. आठवड्याभरात लोक सिस्टरची डाळ आणि दुधाची पावडरही परत करू लागले. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

त्या सकाळी लक्ष्मीदेवी पुढे आली. ती माझं दुकान झाडायची. तिची सहा वर्षांची रूपश्री छातीने नाजूक. मिशनच्या स्वेटरमुळे त्या हिवाळ्यात तिची धाप पहिल्यांदा थांबली होती. आता दोन दिवस मंतरलेला ओला स्वेटर घालून पोर पुन्हा खोकत होती.

"तिसऱ्यांदा आलं ना भूत? टाक पेटीत," स्वामी म्हणाले.

"स्वामी, स्वल्प दया करा. दुसरं गरम काही नाही हो घरात."

तेवढ्यात रूपश्री म्हणाली, "अम्मा, स्वामींच्या शालीत पण भूत आहे. मघाशी काढली तेव्हा तडतडली."

स्वामी लालबुंद झाले.

"पोरीलाच झपाटलंय! तीन दिवस हिला ओलेत्याने देवळात बसवा! माझी शाल शुद्ध रेशमाची आहे. ते बघा दत्ताण्णा, त्यांनीच दिलीय. विचारा त्यांना!"

दोनशे माणसं माझ्याकडे वळली. रूपश्रीच्या छातीतली घरघर मला स्पष्ट ऐकू येत होती.

"सांगा अण्णा," लक्ष्मीदेवी म्हणाली. "तुम्ही म्हणाल ते सरी, तेच खरं."

एका शब्दात तीन पिढ्यांचं नाव जाणार होतं. पण ती पोर तीन दिवस ओलेत्याने राहिली असती, तर चौथा दिवस तिने पाहिला नसता.

"रेशीम नाही ते," मी म्हणालो. "पॉलिएस्टर आहे. रेशीम म्हणून मीच खपवलं."

मी शालीतला एक धागा उपसून चौरंगाजवळच्या समईवर धरला. "रेशीम जळलं की केस जळल्याचा वास येतो, राख बोटाने चुरते. हे बघा." धागा वितळून त्याची कडक गुठळी झाली. मग स्वेटरचा धागा धरला. त्याचीही गुठळीच झाली. दोन्ही कारखान्यातले धागे! शेवटी शाल स्वामींच्याच डोक्यावर खसाखसा घासून उचलली. तडतड! त्यांचे केस त्या बाईसारखेच ताठ उभे राहिले. कुणीतरी फिस्सकन हसलं. मी मंत्र न म्हणता शालीवर पाणी शिंपडलं आणि पुन्हा घासली. शाल गप्प.

लोकांनी पेटी उघडली. आत कोंडलेल्या चाळीस स्वेटरांपैकी दोनच उरले होते. बाकीची भुतं रविवारच्या बाजारात विकली गेली होती.

रूपश्रीला मी दुकानातला कोरडा स्वेटर दिला. तिने तो मुद्दाम दोनदा घालून काढला आणि तडतड ऐकून खदखदून हसली. नंतर सिस्टरकडे जाऊन मी सगळं कबूल केलं. त्यांनी मलाही खुर्ची दिली.

सिस्टरवर मी अजून थोडा जळतो. पण त्या दिवसापासून वस्तीतली माणसं माझं रेशीमसुद्धा धागा जाळून पाहिल्याशिवाय घेत नाहीत. मी स्वतःच काडेपेटी पुढे करतो. तुम्हीही तेच करा. स्वामी असो, शेटजी असो की ही गोष्ट सांगणारा मी, आधी धागा जाळून बघा.