कोरा करकरीत सॉकेट सेट

प्रसन्न चिपळूणकरची गाडी या वर्षी पासिंगला नापास झाली तर ती विकायची, असा ठराव घरात झाला होता. ठराव त्याच्या बायकोने, शर्वाणीने मांडला, शर्वाणीनेच मंजूर केला, आणि प्रसन्नने मान हलवली. गाडी चौदा वर्षांची होती. लायसन्सच्या परीक्षेत अनेकदा आपटल्यावर त्याने घेतलेली ही पहिलीच गाडी. लेकीला, अवनीला हॉस्पिटलातून घरी आणलं तेही हिच्यातूनच. तिच्यावर त्याचा जीव होता. आता मात्र ब्रेक दाबले की ती अशी किंचाळायची, की अमिरातीत खलिफा सिटीमधल्या त्यांच्या व्हिलाच्या आवारातली मांजरं भिंतीवर चढून बसायची.

"ब्रेक पॅड घासलेत, बाकी काही नाही," प्रसन्न म्हणाला. "मीच बदलतो. गॅरेजवाले नुसते लुटतात."

"कशाने बदलणार?" शर्वाणीने विचारलं. "किचनच्या ड्रॉवरमधल्या त्या पान्याने?"

प्रश्न वाजवी होता. आणि वाजवी प्रश्न विचारला की आपला सुशिक्षित माणूस काम बाजूला ठेवून अभ्यासाला बसतो. प्रसन्नही बसला. ब्रेक पॅड एका दुपारी आले. हत्यारं कोणती घ्यायची हे ठरायला दोन महिने लागले. जर्मन सेट पाहिला आणि किंमत रुपयांत करून लगेच मिटला. अगदी स्वस्तातला सेट पाहिला, तर त्याचा रॅचेट, म्हणजे फिरवायचा दांडा, पहिल्याच जोरात तुटल्याचे व्हिडिओ निघाले. शेवटी बोल्ट खोलायच्या सॉकेटांचा तैवानचा एक सेट त्याच्या मनात भरला. ना महाग, ना टाकाऊ. ऑफिसात शेजारी बसणाऱ्या मोईनला तो जेवणाच्या सुट्टीत समजावून सांगू लागला.

"देख, सॉकेट अंदर से छह कोने का चाहिए. वो बोल्ट को सपाट बाजू से पकडता है. बारा कोने वाला सिर्फ कोने पे बैठता है. टाइट बोल्ट हो, तो कोने घिसके गोल. फिर बैठो रोते."

मोईनने बिर्याणीवरून नजर न उचलता मान डोलावली. त्याची गाडी कंपनीची होती.

एका शनिवारी प्रसन्न मुसफ्फाच्या हत्यारबाजारात गेला. दुकानात त्याने एकेक सॉकेट हातात घेऊन तोललं, रॅचेट कानाशी धरून फिरवला. साडेतीनशे दिरहम. "म्हणजे आठ हजार," तो मोठ्याने म्हणाला आणि त्याने कार्ड पुढे केलं. निवड अस्सल होती, यात मला काडीचीही शंका नाही. त्या पैशात त्याहून चांगला सेट साऱ्या अमिरातीत मिळाला नसता.

घरी आल्यावर पेटी डायनिंग टेबलावर उघडली गेली. काळ्या फोमच्या खाचांत सॉकेटं ओळीने चकाकत होती. प्रसन्नने प्रत्येक बाहेर काढलं, मऊ फडक्याने पुसलं, परत ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शर्वाणीने त्यावरून त्याला फार छेडलं नाही. लग्नात आलेला डिनर सेट तिनेही पाहुण्यांसाठी राखून ठेवला होता आणि इतक्या वर्षांत त्या तोलाचा पाहुणा अजून उगवायचा होता.

पासिंगसाठी मिळालेली सवलतीची मुदत संपायच्या आदल्या दिवशी, आता टाळणं अशक्य झालं तेव्हा, प्रसन्न आवारात उतरला. जानेवारीतली सकाळ होती, हवा छान होती. मदतीला म्हणून मोईन आला आणि चहा घेऊन पायरीवर बसला. गाडी जॅकवर चढली, चाक निघालं, ब्रेक पॅड धरून ठेवणाऱ्या कॅलिपरचा बोल्ट दिसला. चौदा वर्षांची धूळ, वाळू आणि ग्रीस त्यावर थापून बसलं होतं.

प्रसन्नने पेटी उघडली. योग्य मापाचं सॉकेट काढलं, रॅचेटला लावलं, त्या घाणेरड्या बोल्टापर्यंत नेलं आणि थांबला. त्याने सॉकेट पुसलं आणि जागेवर ठेवून दिलं.

"अवनी," त्याने वर हाक मारली, "किचनच्या ड्रॉवरमधला पाना टाक गं."

अवनी पाना घेऊन खाली आली. उघडी पेटी तिने पाहिली. "बाबा, यू बॉट अ होल सेट."

"हो, पण हा बोल्ट फार घाण आहे. एकदा या पान्याने सैल केला, की मग नवं लावतो."

"इट्स अ टूल, बाबा. यू यूज इट," असं म्हणून ती वर गेली.

"लगाओ ना नया वाला," मोईन म्हणाला. "इसी के लिए तो लिया."

"पहला झटका पुराने से," प्रसन्न म्हणाला आणि त्याने पाना बोल्टावर बसवला. तो बारा कोनांचा होता. हे प्रसन्नला ठाऊक होतं. मोईनला ठाऊक होतं. बहुधा मांजरांनाही ठाऊक होतं. प्रसन्नने पाय रोवून जोर लावला. पाना कर्रकन फिरला. बोल्ट नाही फिरला. त्याचे कोन तेवढे निघून गेले.

मग मात्र त्याने घाईघाईने नवं सॉकेट लावलं. गुळगुळीत बोल्टावर ते गरगर फिरत राहिलं. तैवानवाल्यांचा त्यात काय दोष?

"अब बैठो रोते," मोईन हळूच म्हणाला आणि त्याने चहा संपवला.

जुन्याच पॅडवर चाक चढवून प्रसन्न दुसऱ्या सकाळी पासिंगला गेला. गाडी केंद्राच्या दारातच किंचाळली. तिला नापास करायला पुढे फार तपासावं लागलं नाही. शर्वाणीने ठरावाची आठवणही करून दिली नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. आठवड्याभरात अल ऐनहून एक गिऱ्हाईक आलं आणि रिकव्हरीच्या ट्रकवर चढवून गाडी घेऊन गेलं. प्रसन्न गेटपाशी उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते.

नव्या गाडीच्या शोरूममध्ये हुमेरा नावाच्या सेल्सवाल्या मुलीने कागदांवर सह्या घेतल्या आणि बजावलं, "सर, पाँच साल कुछ भी खुद मत खोलिएगा. एक बोल्ट को भी हाथ लगाया, तो वॉरंटी खलास."

शर्वाणीला एकदम त्याची दया आली. एवढा अभ्यास केला, एवढा जीव लावून सेट घेतला, आणि आता पाच वर्षं तो नुसता कपाटात. टेबलाखाली तिने त्याच्या हातावर हात ठेवला. प्रसन्नने मान खाली घातली. त्याला अगदी सुटल्यासारखं वाटत होतं, आणि ते तिला दिसू द्यायचं नव्हतं.